करिंथचे दगड आणि शिक्षकाची साक्ष
(उपदेशक व शब्बाथ शाळेचे शिक्षक यांच्याकरिता अभ्यासपाठ)



पौलाने करिंथकरांस लिहिलेली पत्रे आपल्या मंडळ्यांत वरचेवर वाचली जातात. लग्नाच्या वेळी प्रीतीविषयीचा अध्याय, कबरेच्या काठी पुनरुत्थानाविषयीचा अध्याय आणि प्रभुभोजनाच्या प्रसंगी त्या रात्रीची हकिकत, ही सर्व पहिल्या पत्रातूनच येतात. परंतु ज्या नगरास ते पत्र गेले ते कोठे होते, तेथे कोण लोक राहत, आज तेथे काय उरले आहे, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी पुष्कळ शिक्षक गप्प राहतात. आणि जे गप्प राहत नाहीत ते कधी कधी ऐकीव गोष्टींवर वेळ मारून नेतात. यास्तव या पाठात वाचकांस त्या नगराच्या अवशेषांतून एक दिवस फिरवून आणावे, असे आम्ही योजिले आहे.

ग्रीस देशाची राजधानी अथेन्स, म्हणजे शास्त्रात ज्याला अथेनै म्हटले आहे तेच नगर. तेथून प्राचीन करिंथ पश्चिमेकडे सुमारे ८० किलोमीटर आहे. सकाळी मोटारगाडीने निघावे, माहितगाराबरोबर दिवसभर अवशेष पाहावे आणि दिवेलागणीस परत यावे, अशी सोय तेथे आहे. प्राचीन स्थळे दाखविण्याचे काम त्या देशात मन मानेल त्याला करता येत नाही. त्यासाठी शिक्षण घेऊन सरकारी परवाना मिळवावा लागतो. आमच्या वाट्यास ज्या मार्गदर्शक बाई आल्या त्या अशाच परवानाधारक होत्या. आमच्या जथ्यात गोदावरीकाठच्या एका खेड्यातले वृद्ध मास्तर होते. पौल जेथे उभा राहिला त्या दगडास हात लावावयाचा आणि गावी जाऊन मंडळीस ते सांगावयाचे, हा त्यांचा हेतु होता. हेतु चांगला होता. परंतु सांगावयाचे ते काय व किती, हा प्रश्न त्यातून निघाला, आणि तोच आमच्या पाठाचा विषय आहे.

बाईंनी गाडीत बसताच एक नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "आज मी तुम्हांस तीन प्रकारच्या गोष्टी सांगेन. काही खणतीत सापडलेल्या, काही जुन्या ग्रंथांत लिहिलेल्या, आणि काही नुसत्या लोक सांगतात म्हणून चालत आलेल्या. कोणती गोष्ट कोणत्या प्रकारची, हे मला दर वेळी विचारा." वाचकांनीही हा नियम मनात धरून आमच्याबरोबर चालावे.

१. दोन समुद्रांमधील वाट

अथेन्स सोडल्यावर तासाभराने जमीन एकाएकी अरुंद होते. ही करिंथची संयोगभूमि होय. उत्तरेकडील ग्रीस आणि दक्षिणेकडील पेलोपोनेस यांना जोडणारी ही पट्टी सर्वांत अरुंद जागी सुमारे ६ किलोमीटर रुंद आहे. हिच्या एका अंगास पूर्वेकडील समुद्र व दुसऱ्या अंगास पश्चिमेकडील आखात. पेलोपोनेसला वळसा घालून जाण्याचा मार्ग लांबचा व वादळांचा असे. म्हणून इ. स. पूर्वी ६०० च्या सुमारास या जमिनीवर फरसबंदी वाट बांधण्यात आली, आणि तिच्यावरून जहाजे व माल एका समुद्रातून दुसऱ्या समुद्राकडे ओढून नेत असत. त्या वाटेचे दगड पश्चिमेकडील टोकाशी आजही दिसतात.

येथे कालवा खणावा असे पुष्कळांच्या मनात आले. नेरो बादशहाने इ. स. ६७ मध्ये काम सुरू केले. जोसीफस नावाच्या यहूदी इतिहासकाराने लिहून ठेविले आहे की, गालीलातील लढाईत धरलेले ६,००० तरुण वेस्पासियन सेनापतीने या खणतीवर पाठविले. पुढल्याच वर्षी नेरो मेला आणि काम थांबले. आज जो कालवा दिसतो तो १८८२ ते १८९३ या वर्षांत झाला. तो सुमारे ६.३ किलोमीटर लांब व २५ मीटरांच्या आत रुंद असून त्याच्या उभ्या कडा काही ठिकाणी पाण्यापासून ८० मीटरांच्या जवळपास उंच आहेत. पुलावरून खाली पाहिले असता जहाज एखाद्या भिंतीच्या फटीतून सरकत आहे असे वाटते.

कालव्याच्या जवळच इस्थमिया नावाचे स्थळ आहे. तेथे समुद्रदेव पोसायडन याच्या मंदिरापाशी दर दोन वर्षांनी मोठ्या शर्यती होत. जिंकणारास कधी देवदाराच्या जातीच्या डहाळ्यांचा, तर कधी अजमोद्यासारख्या वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा मुगुट मिळे. पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल धावणाऱ्यांची गोष्ट काढतो आणि त्यांचा मुगुट नाशवंत आहे असे म्हणतो. दिल्या दिवशीच सुकलेला तो मुगुट करिंथकरांच्या डोळ्यांपुढे लगेच उभा राहिला असेल.

मास्तरांनी विचारले, "पौलाने त्या शर्यती पाहिल्या होत्या काय?" बाई म्हणाल्या, "त्याने पाहिल्या असे कोठे लिहिलेले नाही. शर्यती होत असत हे निश्चित. त्याने पाहिल्या असतील, इतकेच म्हणता येईल." मास्तरांनी वहीत काही लिहिले, मग थोडे खोडले.

२. मोडलेले आणि पुन्हा वसविलेले नगर

करिंथला दोन बंदरे होती: उत्तरेस सुमारे ३ किलोमीटरांवर लेखैयन, आणि पूर्वेस त्याच्या तिप्पट दूर किंख्रिया. दोन्हींकडून जकात व व्यापार येई. नगराच्या संपत्तीचे कारण हेच, असे स्त्राबो नावाच्या प्राचीन भूगोलकाराने म्हटले आहे. परंतु संपत्तीने नगर वाचले नाही. इ. स. पूर्वी १४६ मध्ये म्युमियस नावाच्या रोमी सेनापतीने ते लुटले व जाळले. जवळजवळ शंभर वर्षे त्या जागी नाव घेण्याजोगी वस्ती नव्हती. इ. स. पूर्वी ४४ मध्ये युलियस कैसराने ते पुन्हा वसविण्याची आज्ञा केली. नवे रहिवासी बहुधा दास्यातून सुटलेले लोक व त्यांची कुटुंबे होती. हे शिक्षकांनी विसरू नये. पौल ज्या करिंथास आला ते जुने घराणेदार ग्रीक नगर नव्हते. ते रोमी वसाहतीचे, धडपडून वर आलेल्या माणसांचे, मानपान शोधणाऱ्यांचे नगर होते.

अवशेषांत शिरताच दगडी खांबांची रांग दिसते. हे अपोलोचे देऊळ इ. स. पूर्वी सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे आहे. त्याचे मूळचे खांब ३८. आज ७ उभे आहेत, आणि प्रत्येक खांब अखंड दगडातून घडविलेला आहे. पौलाने हे खांब पाहिले तेव्हाच ते सुमारे ६०० वर्षांचे झाले होते. ही गोष्ट आम्ही निःशंकपणे सांगू शकतो. कारण देऊळ नगराच्या मध्यावरील उंचवट्यावर आहे, आणि नगरात दीड वर्ष राहिलेल्या माणसास ते न दिसणे शक्य नाही.

१८५८ सालच्या भूकंपाने येथील गाव पडले, आणि रहिवाशांनी काही किलोमीटर दूर समुद्रकाठी नवे करिंथ वसविले. १८९६ पासून अमेरिकन लोकांची अथेन्स येथील प्राचीन विद्येची संस्था येथे खणती करीत आली आहे. तिला एका जुन्या प्रवाशाचे मोठे साहाय्य झाले. पौसानियस हा दुसऱ्या शतकात ग्रीसभर हिंडला आणि त्याने पाहिले ते लिहून ठेविले. १८९८ साली पिरेनी नावाचा प्रसिद्ध झरा सापडल्यावर, त्याच्या पुस्तकाप्रमाणे नगरातील इतर जागा ओळखणे सुलभ झाले.

या पौसानियसाची एक गोष्ट बाईंनी हसत सांगितली. करिंथच्या दक्षिणेस आर्गोस नावाचे नगर आहे. तेथील वाटाड्यांविषयी तो लिहितो की, आपण सांगतो ते सगळे खरे नाही हे त्यांना स्वतःलाही कळते. तरी ते तसेच सांगत राहतात, कारण लोकांनी एकदा धरलेले मत पालटणे सोपे नसते. बाई म्हणाल्या, "आमच्या धंद्याची ही सर्वांत जुनी तक्रार आहे. ती आपल्यावर येऊ नये म्हणून मी झटते." वाचकहो, वाटाड्याच्या ठिकाणी उपदेशक हा शब्द घालून ही तक्रार पुन्हा वाचून पाहावी.

३. न्यायासन

नगराच्या चौकाच्या मध्यावर दगडी चबुतरा आहे. ग्रीक भाषेत त्यास बीमा म्हणतात, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात हाच शब्द न्यायासन या अर्थी आला आहे. यहूदी लोकांनी पौलास अखयाचा सुभेदार गल्लियो याच्यापुढे नेले. त्याने हा तुमच्या धर्मशास्त्रातील वाद आहे असे म्हणून त्यांना घालवून दिले. आणि न्यायासनापुढेच सोस्थनेसास मार बसला तरी त्याने लक्ष दिले नाही, ही हकिकत आपणांस ठाऊक आहे.

मास्तर पुढे झाले, दगडावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटून उभे राहिले, आणि मग म्हणाले, "बाई, पौल उभा होता तो येथेच ना?"

बाई म्हणाल्या, "हा चबुतरा रोमी काळचा आहे आणि अधिकारी येथून लोकांशी बोलत, हे सापडलेल्या लेखांच्या तुकड्यांवरून कळते. पुढे ख्रिस्ती लोकांनी यावर मंदिर बांधले, त्याचाही पाया दिसतो. येथवर पक्के. तो खटला उघड्यावर याच जागी चालला की जवळच्या न्यायसभागृहात, याविषयी विद्वानांत मतभेद आहे. येथे चालला असणे संभवते."

"म्हणजे तुम्हांला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे तेवढे मी सांगितले."

मास्तरांचा चेहरा उतरला, आणि आम्हांसही वाईट वाटले. इतक्या दूर येऊन संभवते एवढाच शब्द हाती यावा! परंतु बाईंनी लगेच दुसऱ्या एका दगडाची गोष्ट सांगितली. तो करिंथात नाही. आखाताच्या पलीकडे डोंगरात दल्फी नावाचे स्थळ आहे. तेथे क्लौद्य बादशहाच्या पत्राचा शिलालेख तुकड्यातुकड्यांनी सापडला. दल्फीची वस्ती कमी झाली आहे, तेथे नवे लोक वसवावेत, असा त्या पत्राचा विषय आहे. त्यात बादशहा गल्लियोचा उल्लेख आपला मित्र व सुभेदार असा करतो. शिवाय सैन्याने बादशहाचा विजयघोष कितव्या वेळी केला तो आकडाही त्यात आहे, तो २६ वा. आणि इतर लेखांशी ताडून पाहता ते पत्र इ. स. ५२ च्या सुमारास पडते. अर्थात् गल्लियो इ. स. ५१ व ५२ च्या सुमारास अखयात होता, आणि पौलही त्याच काळात करिंथात होता. पौलाच्या चरित्रातील वर्षे मोजताना अभ्यासक ज्या खुंटीस दोरी बांधतात ती हीच.

यातील बोध पाहा. त्या लेखात पौलाचे नाव नाही, मंडळीचे नाव नाही, आणि कोरणाराच्या मनातही त्यांचा विचार नव्हता. म्हणूनच त्याची साक्ष इतकी वजनदार आहे. ज्यास आपल्या बाजूने बोलण्याचे काही कारण नव्हते, त्याचे शब्द आपल्या ग्रंथाशी जुळले. ज्या दगडावर हात ठेवावासा वाटतो त्यापेक्षा दूरचा, रूक्ष, सरकारी कामाचा दगड कधी कधी अधिक सांगतो.

४. एरास्ताचा लेख

नाट्यगृहाच्या जवळ फरसबंदीत लॅटिन अक्षरांचा लेख आहे. तो १९२९ साली सापडला. अक्षरे वितीहून थोडी लहान असून त्यांत पूर्वी पितळेसारखा धातु बसविलेला असे. एरास्त नावाच्या मनुष्याने नगरातील अधिकारपद मिळाल्याबद्दल ही फरसबंदी स्वतःच्या खर्चाने केली, असा त्याचा आशय आहे. आता रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात, म्हणजे बहुधा करिंथातूनच लिहिताना, पौल नगराचा कारभारी एरास्त याचा सलाम कळवितो. एकच नगर, एकच नाव, दोघेही नगराच्या कामातले. हा तोच मनुष्य होय, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले आढळते.

तो असेलही. परंतु आक्षेप पाहा. लेखातील पदाचा लॅटिन शब्द आणि पौलाने वापरलेला ग्रीक शब्द एकाच पदाचे आहेत असे सिद्ध झालेले नाही. पौलाच्या शब्दाने हिशेब ठेवणारा लहान कामगार, किंबहुना नगराच्या मालकीचा दासही समजता येतो; लेखातील पद मात्र धनवंताचे होते. शिवाय हा लेख पौलाच्या काळचाच की त्यानंतरचा, यावरही वाद आहे. म्हणून तो आपला असे न म्हणता, या नगरात या नावाचा एक अधिकारी होता, असे शिक्षकाने सांगावे. ऐकणारास पुढचा विचार करू द्यावा. आणि एवढ्याने काही हानि होत नाही. पौलाच्या मित्रांत बडा अधिकारी होता म्हणून सुवार्ता मोठी ठरत नाही, आणि तो दास होता म्हणून लहान होत नाही.

५. संग्रहालयात

अवशेषांच्या आवारातच संग्रहालय आहे. त्यात दाराच्या वरचा एक मोडका दगड ठेविला आहे. तो १८९८ साली सापडला. त्यावरील अर्धवट अक्षरे जुळविली असता इब्र्यांचे सभास्थान असा अर्थ निघतो. मास्तर तेथे बराच वेळ थांबले. पौल दर शब्बाथी ज्या सभास्थानात बोलत असे त्याचाच हा दगड असता तर! परंतु अक्षरांच्या धाटणीवरून बहुतेक अभ्यासक तो पुष्कळ नंतरच्या शतकांतला मानतात. करिंथात यहूदी मंडळी राहिली व तिचे सभास्थान होते, एवढी त्याची साक्ष. तीही लहान नव्हे.

पुढच्या दालनात मातीचे भाजलेले हात, पाय, कान व इतर अवयव मांडलेले आहेत. अस्क्लेपियस हा आरोग्य देणारा देव मानला जाई; दुखणे बरे झाले की लोक त्या त्या अवयवाची प्रतिमा त्यास वाहत. आपल्या वाचकांस हे निराळे समजावून सांगावयास नको. नवस फेडताना चांदीचे डोळे व हातपाय वाहिलेले आपण आपल्या मुलखातील जत्रांत पाहिले आहेत. पौलाने मंडळीस शरीराची व अवयवांची उपमा दिली ती हे सुटे अवयव पाहूनच, असे काही प्रवासपुस्तकांत लिहिलेले असते. ऐकावयास ते गोड लागते. परंतु या वस्तु बहुतेक इ. स. पूर्वी चौथ्या शतकाच्या आसपासच्या असून पौल येण्याच्या फार पूर्वीच जमिनीत गेल्या होत्या. आणि शरीराची उपमा तर त्या काळच्या ग्रीक व रोमी वक्त्यांच्या नेहमीच्या बोलण्यातली होती.

त्याच देवस्थानास लागून तीन भोजनगृहे सापडली आहेत. प्रत्येकात भिंतीच्या कडेने अकरा जणांनी टेकून जेवावे अशी आसने आहेत. देवळांच्या आवारात जेवणावळी होत असत हे या खोल्यांवरून उघड दिसते. मूर्तीस वाहिलेले मांस खावे की नाही, देवळात जेवावयास बसावे की नाही, हा पहिल्या पत्रातील वाद काल्पनिक नव्हता. शेजाऱ्याचे आमंत्रण, जातभाईंची पंगत, बाजारातले मांस, आणि ज्याचे मन कच्चे आहे असा भाऊ बाजूस उभा! आपल्या गावातील जत्रेच्या वेळी नव्या विश्वासणाऱ्याच्या घरी जो प्रश्न उठतो तोच हा. या खोल्या पौलाच्या दिवसांत वापरात होत्या की नव्हत्या हा प्रश्न बाजूस ठेविला, तरी अशा पंगती कशा बसत हे त्यांनी आम्हांस दाखविले.

६. डोंगरावरील देऊळ

नगराच्या पाठीशी ५७५ मीटर उंचीचा अक्रोकरिंथ नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर आफ्रोदीती देवीचे देऊळ होते. त्या देवळात एक हजार देवदासी होत्या, आणि म्हणून करिंथ हे पापाचे माहेर होते, असे आपण उपदेशांत अनेकदा ऐकिले आहे. आमच्या मास्तरांनीही ते शेकडो वेळा सांगितले होते. त्यांनी बाईंस ते देऊळ दाखवा म्हणून विनंती केली.

बाई म्हणाल्या, "ही गोष्ट स्त्राबोने लिहिली आहे. परंतु तो ती पूर्वीच्या काळाविषयी सांगतो, म्हणजे नगर जळण्याच्या आधीच्या. त्याने स्वतः इ. स. पूर्वी २९ च्या सुमारास हा डोंगर पाहिला, तेव्हा माथ्यावर एक लहान देऊळ होते असे तो म्हणतो. खणतीतही लहान देवळाचाच पाया सापडला. जुन्या काळी तरी ते हजार खरे होते काय, याविषयीही आज पुष्कळ अभ्यासक शंका घेतात. करिंथची बदनामी करणारे काही शब्द अथेन्सच्या विनोदी नाटककारांनी प्रचारात आणिले, आणि अथेन्स हे करिंथचे प्रतिस्पर्धी नगर होते, हेही ध्यानात ठेवा."

मास्तर काही बोलले नाहीत. डोंगरावरून खाली दोन्ही समुद्र दिसत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "अहो, ती गोष्ट सांगितली की आमची मंडळी माना हलविते. करिंथकर फार वाईट होते, आपण बरे, असे त्यांस वाटते. मग पत्र त्यांच्या अंगावर येतच नाही."

आमच्या मते त्या दिवसातील सर्वांत मोठा पाठ हाच. करिंथात दुराचार होता; बंदराच्या प्रत्येक नगरात असतो, आणि पौल त्याविषयी स्पष्ट लिहितो. परंतु पहिले पत्र उघडून पौलाने कशाकशाबद्दल दोष लावला ते मोजा. मंडळीत तट पडले होते. भाऊ भावास कचेरीत खेचीत होता. एका घरात बापाच्या बायकोशी अनीति चालली होती आणि मंडळी फुगून बसली होती. प्रभूच्या मेजापाशी खाऊनपिऊन तृप्त असलेले पुढे बसत आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते ते उपाशी राहत. यांतील एकाही गोष्टीसाठी डोंगरावरील देवळाची गरज नाही. पाण्याच्या पाळीवरून, बांधावरून, पंचांच्या निवडीवरून, जुन्या जातीच्या आठवणीवरून हे सर्व आपल्या गावांत घडते. ज्या वाढवून सांगितलेल्या गोष्टीने ऐकणाऱ्याची सुटका होते, ती गोष्ट केवळ इतिहासाची चूक नसते; ती पत्राची धार बोथट करिते.

७. जे पाहावयास मिळत नाही

उतरताना मास्तरांनी विचारले, "मग मंडळी कोठे जमत होती? ते घर दाखवा." बाईंनी सांगितले की, असे दाखविण्याजोगे घर नाही. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांची तंबू शिवण्याची जागा, तीत युस्ताचे घर, खलोवेची माणसे जेथे राहत ती जागा, यांपैकी कशाचीही खूण सापडलेली नाही. चौकाभोवती रोमी काळची दुकाने आहेत. त्यांतील एखाद्या खोलीत चामडे व कापड शिवीत ते बसले असतील अशी कल्पना मात्र करता येते. किंख्रियाच्या बंदराचे दगड आज काही अंशी समुद्रात बुडालेले दिसतात. तेथील मंडळीची सेवा करणाऱ्या फीबीचे नाव पत्रात आहे, दगडावर नाही.

पुढे पाचव्या व सहाव्या शतकांत लेखैयनाच्या किनाऱ्यावर सुमारे १८० मीटर लांबीचे भव्य ख्रिस्ती मंदिर उभे राहिले. ते भूकंपात कोसळले, आणि आज त्याचाही पायाच पाहावयाचा. म्हणजे देवळे पडली, न्यायासन पडले, ख्रिस्ती लोकांचे मोठे मंदिरही पडले. ज्यांनी स्वतःसाठी दगड कोरून ठेविला नाही अशा विणकर, हमाल, दास व विधवा यांच्या घरी वाचले गेलेले एक पत्र मात्र टिकले. ते कसे टिकले? माणसांनी हाताने उतरून घेतले म्हणून. त्याची इ. स. २०० च्या सुमाराची पपायरसवरील प्रत आजही डब्लिन व मिशिगन येथे जपून ठेविली आहे. उतरून घेणाऱ्यांनी पदरची भर घातली असती, तर आपल्या हाती काय आले असते याचा विचार करावा.

८. शिक्षकांकरिता सूचना

ज्यांना करिंथास जाण्याची संधि मिळेल त्यांनी अवश्य जावे, आणि परवानाधारक मार्गदर्शकास मोकळेपणाने प्रश्न विचारावे. परंतु हा पाठ मुख्यतः जे जाणार नाहीत त्यांच्याकरिता आहे. कारण दर रविवारी मंडळीपुढे उभा राहणारा प्रत्येक शिक्षक हा स्वतःच एक वाटाड्या आहे. जे ऐकणारांनी पाहिले नाही ते तो त्यांस दाखवितो, आणि ते त्याच्यावर विश्वास ठेवितात. म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, आहे, असावे आणि म्हणतात हे तीन शब्द वेगवेगळे वापरावे. अपोलोचे खांब पौलाने पाहिले, हे आहे. न्यायासनाची ती जागा, हे असावे. एक हजार देवदासी, हे म्हणतात. आणि ते पौलाच्या काळचे नव्हे.

दुसरी, आपल्या बाजूची गोष्ट अधिक कडकपणे तपासावी. जी गोष्ट आपणांस फार आवडते तिच्याविषयी आपला डोळा झाकला जातो. आज खेड्यातील शाळकरी मुलगाही हातातील फोनवर शोध घेऊ शकतो. एक वाढविलेली गोष्ट त्याच्यापुढे उघडी पडली की, तुम्ही सांगितलेल्या दहा खऱ्या गोष्टींवरही त्याचा संशय बसतो.

तिसरी, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणण्याची लाज धरू नये. आमच्या बाईंनी न्यायासनापाशी तसे म्हटले, आणि त्यामुळेच दल्फीच्या लेखाविषयी त्यांनी सांगितलेले आम्ही निर्धास्तपणे स्वीकारले. ज्याचा नकार खरा असतो त्याच्याच होकारास वजन येते.

मननाकरिता प्रश्न

१. करिंथ कोणत्या वर्षी नष्ट झाले व कोणत्या वर्षी पुन्हा वसविले गेले? नव्या रहिवाशांच्या स्थितीचा, मंडळीतील मानपानाच्या भांडणाशी काही संबंध दिसतो काय?

२. दल्फी येथील लेखात पौलाचे नाव नसताना त्याची साक्ष मोलाची का मानली जाते?

३. एरास्ताच्या लेखाविषयी काय निश्चित आहे व काय अनिश्चित आहे, ते दोन ओळींत लिहा.

४. पहिल्या पत्रात पौलाने लावलेल्या दोषांची यादी करा. त्यांतील कोणते आपल्या मंडळीत आढळतात?

५. आपण उपदेशात नेहमी सांगतो अशी एक गोष्ट निवडा, आणि ती आहे, असावे की म्हणतात या तिहींपैकी कोणत्या सदरात पडते, हे येत्या रविवारपूर्वी तपासून पाहा.